माझा अंगठा हालत होता

तुम्ही कधी डॉक्टरला फेटा बांधला आहे का? आपला माणूस दवाखान्यातून घरी नेताना, वॉर्डातल्या सगळ्यांच्या देखत, हातात नारळ देऊन, वाकून? बांधला असेल तर खरं सांगा, त्या वेळी मनात काय होतं? उपकाराची जाणीव होती, की भीती?

हे मी उगाच विचारत नाही. माझ्या वडिलांनी बांधलेल्या एका फेट्यामुळं माझा दावा बुडायच्या बेतात आहे. मला कंबरेखाली काही कळत नाही. पाय आहेत, पण ते आहेत हे मला बघितल्यावरच समजतं. हे कसं झालं ते सांगतो आणि शेवटी तुमच्याकडं एक काम मागतो. तोवर कागद खाली ठेवू नका.

फळी

नळदुर्गात आमचं किराण्याचं दुकान आहे. आम्ही लिंगायत, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. वडिलांना आप्पा म्हणतो, आईला अव्वा. मी सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, उर्दू शिकलो, पण वाचायची गोडी लागली ती पत्रकांमुळं. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, आम्ही निजामाच्या. तिकडं छापलेली निजामाविरुद्धची पत्रकं करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरून चुकवून इकडं आणायची आणि चार जणांना वाचून दाखवायची, हे मी मिसरूड फुटायच्या आधीपासून करतो.

त्या दिवशी सोलापूरची मोटार आली तसा मी टपावर चढलो. गुळाच्या पोत्यात आमचे कागद होते. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, टपावर काजळीचा थर. पाय घसरला आणि रस्त्याकडेच्या दगडावर मी पाठीवर पडलो.

किती दुखलं ते लिहीत नाही. पण एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण सगळा दावा तिच्यावर उभा आहे. पडल्यावर माझे पाय जिवंत होते. आप्पांनी तळव्याला चिमटा काढला तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो.

मला न्यायला बाज आणली, तर तिची दोरी सैल पडून झोळी झालेली. तेव्हा आप्पांनी दुकानाची फळी काढली. दुकान बंद करायला आमच्याकडं उभ्या फळ्या खाचेत एकामागं एक सरकवतात, आणि क्रम चुकू नये म्हणून त्यांच्यावर आकडे घातलेले असतात. सातवी फळी सगळ्यांत रुंद. तिच्यावर मला ठेवलं, दोन धोतरांनी छाती, हात आणि मांड्या आवळून बांधल्या आणि मोटारीत आडवं घालून धाराशिवला नेलं. त्यात कुणाचा शहाणपणा नव्हता. बाजेची दोरी ताठ असती तर बाजेवरूनच नेलं असतं. पण त्या रस्त्याचे सगळे धक्के खाऊनही मी उतरलो तेव्हा पाय शाबूत होते.

व्हरांडा

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, डॉक्टरचंही नाही. वकिलांनी तशी ताकीद दिली आहे. एका मोठ्या घराण्याच्या देणगीवर चालणारा धर्मादाय दवाखाना, एवढं पुरे.

डॉक्टर जागेवर नव्हते. कुणी बडे अधिकारी दौऱ्यावर आले होते, त्यांच्या सरबराईला गेले होते. आम्हाला व्हरांड्यात ठेवलं. शेजारी पोत्यावर एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, एका डोळ्यावर पट्टी, गालात तंबाखूची गोळी. ईट गावाकडून भाच्याबरोबर डोळ्यासाठी आली होती.

व्हरांड्यात माशाच माशा. एक माशी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर येऊन बसायची. हात बांधलेले, म्हणून मी अंगठा हालवून तिला उडवायचो. ती फिरून परत तिथंच. म्हातारी हे बराच वेळ बघत होती.

"पायानं माशा हाकतुयास व्हय रं?"

"दुसरं काय काम हाय, आजी?"

"मग हिकडच्या बी हाक की. माझा एकुलता एक डोळा हाय, मेल्या त्यातच घुसत्यात."

मला हसू आलं आणि पाठीत कळ गेली. तशी ती सरकून जवळ आली आणि पदरानं मला वारा घालत बसली. माझी आणि तिची ओळख एवढीच. नाव विचारायचं सुचलं नाही. माणूस माणसाला वारा घालतो तेव्हा नाव कोण विचारतं? आज त्या नावासाठी मी तळमळतो आहे.

डॉक्टर आले ते घाईत. फळी बघून म्हणाले, वॉर्डात दुकान मांडायचं आहे का? शिपाई हसले. आप्पाही कसनुसं हसले, कारण मोठा माणूस विनोद करतो तेव्हा हसायचं असतं. डॉक्टरांनी धोतरं सोडायला लावली आणि पाठ बघायची आहे, याला उठवून बसवा, म्हणून सांगितलं.

आप्पा हात जोडून म्हणाले, "साहेब, फळीसकटच आत न्या की. हालवलं की लई वरडतंय."

"डॉक्टर तुम्ही का मी?"

आप्पा मागं सरले. दोघा शिपायांनी माझ्या काखेत हात घातले आणि मला ओढून बसतं केलं. पाठीत काहीतरी सरकलं. कंबरेपासून खाली कढत पाणी ओतल्यासारखं झालं आणि मग काहीच नाही. कढत नाही, गार नाही, दुखणंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "माझे पाय कुठं गेले?"

डॉक्टर म्हणाले, "जाग्यावरच आहेत, बघ की."

तेव्हा ती म्हातारी पोत्यावरून बोलली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अवो, आत्ता तर हालत हुता की त्येचा आंगठा."

शिपायानं तिला गप बसवलं. सातवी फळी व्हरांड्याच्या पायरीखाली टाकली. मला आत नेलं.

वॉर्ड

दवाखान्यात सगळ्यांत जास्त काय करावं लागतं? वाट बघावी लागते. सकाळी फिनेलचा वास येतो, मग झाडू, मग दूध, मग डॉक्टरांची फेरी. माझ्या खाटेपाशी फेरीचा वेग वाढायचा. शेजारच्या तापकऱ्याची जीभ बघायचे, पलीकडच्या गळवाला दाबून बघायचे, मला नुसतं "धीर धर, येतील पाय" एवढं. कधी येतील, कशानं येतील, हे विचारलं की पाठमोरे व्हायचे. हे चांगल्या डॉक्टरचं लक्षण नव्हे, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

लघवीला रबराची नळी लागते हे मला आईच्या देखत कळलं. वाढलेल्या मुलाचं सगळं पुन्हा आईनं करायचं. अव्वा ते करायची आणि करताना दुकानातल्या उंदरांच्या गोष्टी सांगायची, जणू तिचं लक्षच तिकडं आहे. पाठीला जखमा झाल्या. त्या मला दुखत नव्हत्या, म्हणून कुणाला आधी कळल्याच नाहीत. वासावरून कळल्या.

आप्पा येऊन भिंतीला टेकून बसायचे. एकदाच बोलले. "त्या कागदांनी तुझी पाठ मोडली."

"कागदांनी नाही मोडली, आप्पा. तुमच्या डोळ्यांदेखत मोडली."

ते उठायला लागले. अव्वा म्हणाली, "सुम्मनिरी." म्हणजे गप्प बसा. ते ती आप्पांना म्हणाली की आम्हा दोघांना, ते मी अजून विचारलेलं नाही.

भीती कशाची वाटायची हेही सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत कुणी माझ्यासारखा पडलेला असेल. मरायची भीती थोडे दिवस वाटते. पुढं जगायचीच भीती वाटते. मी त्या वॉर्डात छताकडं बघून ठरवलं होतं की हातांनी जेवढं लिहिता येईल तेवढं लिहायचं. ते ठरवल्यावर जरा भूक लागली. एवढाच माझा अनुभव आहे, पण खरा आहे.

फेटा

एक दिवस सांगितलं, आता घरी न्या, इथं करण्यासारखं काही नाही. मला खाटेवरून बैलगाडीत घालायची तयारी चालली होती. आप्पांनी पायरीखालची फळी शोधून धुऊन घेतली होती. तेवढ्यात त्यांनी पिशवीतून नवा गुलाबी फेटा काढला. नारळ काढला, पेढे काढले.

आपल्याकडं ही रीतच आहे. माणूस दवाखान्यातून जिवंत निघाला की डॉक्टरचा सत्कार करायचा. सगळा वॉर्ड बघत होता. डॉक्टर नको नको म्हणत खुर्चीवर बसले. आप्पांनी स्वतःच्या हातानं फेटा बांधला, नीट, लग्नातल्यासारखा. मी "आप्पा, नका" म्हटलं. दोनदा म्हटलं. पेढे वाटले गेले, मलाही एक दिला. मी तो हातात धरून ठेवला, पार तूप सुटेपर्यंत.

निदान

पुढं सोलापूरच्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टाचणी घेऊन पायापासून वर टोचत आणलं आणि जिथं मी "हं" म्हटलं तिथं बोट ठेवून थांबले. मग खुर्ची ओढून माझ्या तोंडासमोर बसले. मला उभ्यानं न सांगता बसून सांगितलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पाठीच्या कण्यातून एक नाडी खाली जाते, तिच्यावर मोडकं हाड सरकलं आहे. पाय परत येणार नाहीत.

अव्वानं विचारलं, "कधीच न्हाय?" ते म्हणाले, कधीच नाही, आणि खोटी आशा लावणाऱ्यांच्या नादी लागू नका.

मी त्यांना सगळं सांगितलं. येताना अंगठा हालत होता, उठवून बसवल्यावर थांबला. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मोडक्या पाठीच्या माणसाला असं कधी बसवू नये, असंही म्हणाले. मी म्हटलं, हे कोर्टात सांगाल? ते खिडकीकडं बघत म्हणाले, मी त्या वेळी तिथं नव्हतो. आणि ते खरंच होतं, म्हणून मला जास्त चीड आली.

वकील शोधणं

पाय गेल्याचं दुःख एक आणि दाद मागायची फरफट वेगळी. पहिल्या वकिलानं सांगितलं, त्याच डॉक्टरांचं औषध माझ्या घरी चालू आहे. दुसरे म्हणाले, फुकट दवाखाना, फुकट उपचार, वर दावा? लोक थुंकतील तुमच्यावर. मी त्यांना विचारलं, उपचार फुकट होते म्हणून माझी पाठही फुकटची झाली का? त्यांनी आप्पांना सांगितलं की पोरगं पत्रकासारखं बोलतं.

मग गोविंदराव भेटले. तरुण वकील, कामं सगळी शेताच्या बांधाची. माझं ऐकून म्हणाले, "बांध वीतभर सरकला तरी मी दावा लावतो. तुमचा तर मणका सरकलाय. लावू या." व्हरांड्यातल्या त्या दिवसानंतर मी पहिल्यांदा पोटातून हसलो.

पण त्यांनी मला खोटी आशाही लावली नाही. दोनच गोष्टी शाबीत करायच्या, म्हणाले. दवाखान्याच्या दारात पाय जिवंत होते ही एक आणि उठवून बसवल्यावर ते गेले ही दुसरी. बाकी सगळा तुमचा संताप, त्याला कोर्टात बसायला जागा नाही. डॉक्टर म्हणणार, पाय टपावरून पडतानाच गेले. शिपाई म्हणणार, आम्हाला आठवत नाही. तुमचे वडील म्हणजे तुम्हीच. परका माणूस आणा, ज्याला यातून काही मिळायचं नाही.

माझ्या पत्रकवाल्या मित्रांनाही इथं दोन शब्द. त्यांना छापायचं होतं की मी कागद आणतो म्हणून डॉक्टरनं मुद्दाम माझी पाठ मोडली. मी नाही म्हटलं. त्यांना राग आला, चळवळीला फायदा होईल म्हणाले. अरे बाबांनो, त्या माणसाला माझं नावही ठाऊक नव्हतं. ओळखून मोडली असती तर ते वैर झालं असतं. त्यानं न बघताच मोडली. निजामाचं राज्य जावं असं मलाही वाटतं, त्यासाठीच टपावर चढलो होतो. पण उद्या राज्य बदललं आणि डॉक्टर असेच घाईत राहिले, आणि आपण असेच हात जोडून मागं सरलो, तर पाठी मोडतच राहतील. खोटं घालून मी हा दावा जिंकणार नाही.

घरी आमच्या शेजारी करीमचाचा शिंपी आहेत. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. एक दिवस कापसाच्या गोल चुंबळी शिवून घेऊन आले, टाचेखाली आणि कंबरेखाली घालायला, जखमा होऊ नयेत म्हणून. खाली बसून स्वतः बसवल्या आणि म्हणाले, "अब तेरा तख्त तैयार, बेटे. हुकूम छोड." त्या चुंबळींनी जखमा भरत आल्या. फेटा बांधावा अशी माणसं आहेत, नाही असं नाही.

पेशी

पेशीला, म्हणजे सुनावणीला, मला कोर्टात त्याच फळीवरून नेलं. लोक वाकून बघत होते, कुणी मयत म्हणून टोपी काढली. मी त्याला रामराम केला तसा तो दचकला.

डॉक्टरांच्या वकिलांनी आप्पांना उलटतपासणीला उभं केलं. त्यांनी उचलण्याबद्दल, फळीबद्दल, अंगठ्याबद्दल काहीच विचारलं नाही.

"दवाखाना सोडताना तुम्ही डॉक्टरसाहेबांना फेटा बांधला?"

"बांधला."

"कुणी जबरदस्ती केली?"

"न्हाय."

"पेढे वाटले?"

"वाटले."

मग ते न्यायाला बसलेल्या मुन्सिफसाहेबांकडं वळले. ज्यानं पोराचे पाय घालवले त्याच्या डोक्यावर कुठला बाप फेटा बांधेल? कोर्टात हशा झाला. मी फळीवर पडून छताकडं बघत होतो. आप्पांचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसता आवाज आला.

"बांधतोय की. आमी बांधतो. उद्या दुसरं लेकरू आजारी पडलं तर आमाला त्याच दारात जायचं असतंय."

हशा थांबला. मुन्सिफसाहेबांनी मान वर करून आप्पांकडं बघितलं. पण जबानी उर्दूत लिहिली जात होती, आणि वाचून दाखवली तेव्हा मी ऐकली. साक्षीदारानं राजीखुशीनं फेटा बांधल्याचं कबूल केलं, एवढंच. गोविंदरावांनी हरकत घेतली. पुढचं वाक्यही लिहिलं गेलं, पण ते असं आलं की आपल्या समाजात डॉक्टरांचा मान राखण्याची रीत आहे.

मला त्या फळीवरून उठून ओरडायचं होतं. उठता येत नाही, हे तेवढ्यापुरतं मी विसरलो होतो.

मुन्सिफसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी गोविंदरावांना स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी व्हरांड्यात हजर असलेला, या घराचा नसलेला एक तरी साक्षीदार पुढच्या पेशीला आणा. नाही तर दावा काढून टाकावा लागेल.

परतताना गाडीत आप्पा माझ्या पायाशी बसले होते. माझ्या पायांवर हात ठेवून म्हणाले, "म्या चुकलो का रं?"

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही खरं सांगितलंत. ते कुणाला लिहिता आलं नाही." त्यांनी हात तसाच ठेवला असावा. मला कळलं नाही.

ईट

दुसऱ्याच आठवड्यात आप्पा ईटच्या बाजाराला गेले. दुकान बंद ठेवून गेले. डोळ्याला पट्टी होती अशी म्हातारी, हिरवं लुगडं, भाच्याबरोबर धाराशिवला गेलेली. लोक आधी आठवायला लागत, मग विचारत, कशाला पाहिजे? आप्पांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणत, साक्षीला. ते ऐकलं की म्हातारी कुणाच्याच ओळखीची नाही. एकानं तोंडावर सांगितलं, "शेटजी, डोळे गेलेल्या म्हाताऱ्या इथं पायलीच्या पन्नास. पण साक्षीची एक बी न्हाय घावायची. अदालतीचं नाव काढून कोण घावतंय का?"

त्याला मी दोष देत नाही. अदालत म्हणजे हेलपाटे, अदालत म्हणजे शिपाई दारात. आपण साक्षीला भितो, म्हणून आपल्यावर अन्याय करणाऱ्याला भ्यायचं कारण उरत नाही. आपण भीतीनं फेटा बांधतो आणि तो फेटा आपल्याच विरुद्ध साक्ष देतो. दुसऱ्या कुणाची साक्ष नसतेच. हे किती दिवस चालू द्यायचं?

तुमच्याकडचं काम

म्हणून हा कागद. ईट, भूम आणि तिकडच्या वाड्यावस्त्यांवर जो कुणी वाचू शकतो त्यानं हा बाजारात, पारावर, गिरणीवर मोठ्यानं वाचावा. म्हाताऱ्या बसल्या असतील तिथं तर नक्की वाचावा. ती आजी सापडली तर नळदुर्गात आमच्या दुकानी निरोप द्यावा. दुकान ओळखायला सोपं आहे. दार लावलं की सातव्या खाचेत फळी नसते, तिथं अव्वानं पोतं लटकवलेलं असतं. ती फळी माझ्या अंगाखाली आहे.

आजीला सांगा, कुणी धरून नेणार नाही. आप्पा स्वतः गाडी घेऊन येतील, गादी घालून नेतील आणि घरी आणून सोडतील. डॉक्टरला शिव्या द्यायच्या नाहीत. तो वाईट आहे असंही म्हणायचं नाही. तिला वाटेल, आपल्याला एकच डोळा, आपलं कोण धरणार? गोविंदराव म्हणतात, बघायला एक डोळा पुरतो. त्या व्हरांड्यात दोन-दोन डोळ्यांची पुष्कळ माणसं होती, त्यांपैकी कुणाला काही दिसलं नाही.

आणि ती घाबरली तर तिला एवढं सांगा की तो माशा हाकणारा पोरगा जिवंत आहे. माशा अजून त्याच्या अंगठ्यावर बसतात, पण आता अव्वा हाकते, त्याला कळत नाही.

मग तिच्याशेजारी बसा आणि एकच विचारा. आजी, तुम्ही वारा घालत होतात तेव्हा त्याचा अंगठा हालत होता का?

ती जे सांगेल ते तिला कोर्टात सांगू द्या. तिच्याबरोबर तुम्हीही या.